गाझियाबादचा डोंगर आणि माझ्या अकरा पिशव्या

दिल्लीहून परत आल्यापासून गल्लीतला जो तो विचारतोय, काय काय पाहिलंत? लाल किल्ला पाहिला नाही. कुतुबमिनारही नाही. जी गोष्ट मी रोज सकाळ-संध्याकाळ पाहिली ती पाहायला कोणी मुद्दाम जात नाही, आणि तिच्यासमोर उभं राहून कोणी फोटोही काढत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसणारा कचऱ्याचा डोंगर मी पाहिला. पंधरा दिवसांसाठी गेले होते, दीड महिन्याने आले. येताना एकटी आले नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

आधी माझ्याविषयी, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी कोकणातल्या एका लहान नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. आमच्या गावाबाहेरही एक कचऱ्याचा ढीग होता, खाडीच्या तोंडाशी. तो हटवायला आम्हाला वर्षानुवर्षं लागली. घरोघर जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा द्या म्हणून मी इतकी बडबड केली, की बायका मला लांबून बघूनच दार लावून घ्यायच्या. पण ढीग गेला. निर्माल्यासाठी वेगळी गाडी सुरू झाली, ती माझ्याच डोक्यातून निघाली होती, आणि निवृत्तीच्या समारंभात तिचा उल्लेख झाला तेव्हा माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती. हा ताठा लक्षात ठेवा. पुढे त्याचं काय झालं ते येईलच.

दसऱ्यानंतर ताईचा फोन आला. "सुमे, तू ये यार. आमच्या अर्जावर पाहणी समिती येणार आहे. तू हे काम केलंयस. तू बोललीस की लोक ऐकतात."

ताई कोणाला सहसा ये म्हणत नाही. मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

पहाडगंज

नवी दिल्ली स्टेशनवर ताईबरोबर गायकवाड सर आले होते. ते मूळचे नगरचे. पहाडगंजातल्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून आता गाझियाबादला ताईच्याच सोसायटीत राहतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये आणि संध्याकाळी महाराष्ट्र मंडळात, दोन्हीकडे पहिल्या रांगेत. अर्जाचे कागद तेच सांभाळत. माझी बॅग त्यांनी हातातून घेतली आणि म्हणाले, "आधी बादल्या घेऊ, मग घरी. इथे होलसेल मिळतात."

असं माझं दिल्लीदर्शन बादल्यांच्या दुकानात सुरू झालं. हिरव्या ओल्या कचऱ्यासाठी, निळ्या सुक्यासाठी. दुकानदार विचारत होता, "शादी में देनी है क्या?" ताई म्हणाली, "नहीं भैया, कूड़े के लिए." त्याने आमच्याकडे जरा दयेने पाहिलं. मग आम्ही तिघांनी एका हातगाडीपाशी उभं राहून छोले-कुलचे खाल्ले. चव उत्तम होती. वरून पिळलेल्या लिंबाने आणि आल्याच्या किसाने माझा प्रवासाचा शीण गेला. पण खाताना लक्षात आलं, की दुपारचा एक वाजला होता आणि माझी सावली पडत नव्हती. सूर्य होता, डोक्यावरच होता, पण ताटलीएवढा पांढरट. मी सरांना विचारलं, ढग आहेत का? ते म्हणाले, "ढग कुठले. हवा आहे ती."

गाझियाबाद

आता भावोजींविषयी. ते केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले. स्वभावाने शांत, बोलणं बेताचं, शर्टाला इस्त्री केल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. लग्नात ताईपेक्षा तेच जास्त लाजत होते, असं आमची आई सांगायची. मी दारात शिरले तेव्हा ते उठून उभे राहिले आणि उठण्यानेच त्यांना दम लागला. चार पावलांवरच्या खुर्चीपर्यंत येईतो त्यांनी दोनदा थांबून हात भिंतीला लावला. मी तीन वर्षांपूर्वी त्यांना पाहिलं होतं तेव्हा ते माझ्यापुढे जिना चढत होते.

"सुमन, प्रवास ठीक झाला?" ते म्हणाले, आणि एवढ्या चार शब्दांत एक श्वास मधे घ्यावा लागला.

डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं होतं, की हे घर सोडा, निदान थंडीत तरी. पण घर विकायचं तर गिऱ्हाईक खिडकी उघडून बघतं आणि निघून जातं. आणि घर टाकून ताई निघेना, मग तिच्याशिवाय त्यांनी एकट्याने कुठे जायचं? त्यांना स्वतःचा चहा करता येत नाही. म्हणून ताईने दुसरी वाट धरली होती. भावोजी जाणार नसतील तर डोंगराने जावं.

जेवायला ताईने माझ्यासाठी आमटी-भात केला होता आणि सोबत इकडची गाजर-मटारची भाजी. मी आमसुलं आणि कुळथाचं पीठ नेलं होतं. भावोजींना पिठलं प्रिय, म्हणून मी लगेच टाकलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि "छान झालंय" म्हणाले. नंतर ताईने स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं, की त्यांना वर्षभरापासून वास येत नाही, चवही जेमतेम. "म्हणून ते सगळ्यालाच छान म्हणतात गं. बिल्कुल खोटं."

दुपारी चारच्या सुमारास भावोजी खुर्चीतून उठले. पश्चिमेकडच्या दोन्ही खिडक्या त्यांनी लावल्या, फटींत जुन्या पंच्याच्या पट्ट्या कोंबल्या आणि टेबलावरची लांब वही उघडली. सरकारी कचेरीत असते तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यांनी लिहिलं, "४.०५. धूर. वारा पश्चिमेकडून. खिडक्या बंद." मग वही मिटली.

मी मागची पानं चाळली. चार वर्षं, रोज, एकही दिवस न चुकता. डोंगर आतून पेटलेला असतो. वरून शांत दिसतो, पण पोटात कुजणारा कचरा वायू सोडतो आणि तो धुमसत राहतो. दुपार कलली, वारा फिरला की तो धूर सोसायट्यांवर येतो. भावोजींनी हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं नव्हतं. आयुष्यभर जे केलं तेच ते करत होते. जे घडलं ते फाइलवर यायला हवं, एवढंच. गायकवाड सरांनी ती वही पाहिली आणि तिच्यावरूनच अर्ज उभा राहिला.

अर्जातली मागणी एका ओळीची होती. या डोंगरावर यापुढे मिश्र कचऱ्याची एकही गाडी घेऊ नये. वेगळा केलेला ओला कचरा खताला जावा, सुका विक्रीला, मग वर चढवायला फारसं उरणारच नाही. आसपासच्या वीसेक सोसायट्यांनी सह्या केल्या होत्या, की आम्ही घरी कचरा वेगळा करतो, ठेकेदाराची गाडी तो पुन्हा एकत्र करते. ठेकेदाराचं म्हणणं उलट होतं. लोकच वेगळा करत नाहीत, आम्ही काय करणार? कोण खरं बोलतंय हे समिती येऊन ठरवणार होती. ऐन थंडीच्या आधी तो निर्णय व्हावा म्हणून ताई तीन महिने चपला झिजवत होती.

डोंगर

चौथ्या दिवशी ताई मला तिकडे घेऊन गेली. जवळून तो डोंगर मातीच्याच रंगाचा दिसतो, म्हणून आधी फसायला होतं. मग दिसतं की मातीत चिंध्या आहेत, चपलांचे तळवे आहेत, दुधाच्या पिशव्या आहेत, कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका आहेत. पायथ्याला काळं पाणी झिरपून डबकं झालं होतं आणि त्याच्या काठाशी दोन म्हशी उभ्या होत्या. वर घारी. आमच्या खाडीवर घारी असतात त्या मासळीवर लक्ष ठेवून, उंच आणि एकेकट्या. इथल्या खाली, थव्याने, कावळ्यांसारख्या वागत होत्या. मला त्यांचंच का कोण जाणे फार वाईट वाटलं.

तिथे हसीना भेटली. चाळिशीची असेल. डोंगराच्या पायथ्याशी तिची पत्र्याची खोली आणि खोलीपुढे तिने निवडलेल्या मालाचे ढीग. बाटल्या वेगळ्या, तारा वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, आणि एका गोणीत फक्त केस. कंगव्यातून निघालेले बायकांचे केस, गुंतवळ सोडवून ठेवलेले. मी आयुष्यभर कचऱ्याचं वर्गीकरण शिकवलं, पण इतकं नेटकं वर्गीकरण मी कुठल्या नगरपालिकेत पाहिलं नाही. तिने मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. खुर्चीला एक पाय नव्हता, त्याजागी विटा लावल्या होत्या.

"आपके यहाँ भी पहाड़ है?" तिने विचारलं.

"था," मी म्हटलं. "हमने निकाल डाला." माझं हिंदी हे असं.

ती हसली नाही. तिने विचार करून विचारलं, "तो वहाँ जो छाँटते थे, वो कहाँ गए?"

आमच्या ढिगावर कचरा निवडणारी चार-पाच कुटुंबं असत, हे मला आठवलं. ती कुठे गेली हे कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

हसीना म्हणाली, "बंद करवाओ, अच्छा है. हम भी यही धुआँ खाते हैं. पर अलग करके दोगे तो हमें ही दे दो न. छाँटना तो हम ही जानते हैं."

परत येताना मी ताईला म्हटलं, की हे अर्जात घाला. ताईलाही पटत होतं. पण गायकवाड सर म्हणाले, की सुनावणी तोंडावर आली आहे, आता मागणी वाढवली तर समिती म्हणेल नवा अर्ज करा, आणि थंडी निघून जाईल. त्यांचं चूक नव्हतं. आम्ही ते पुढच्या वेळेवर टाकलं.

मंडळाची पूजा

त्या रविवारी मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती, सोसायटीच्या हॉलमध्ये. मंडळाची अध्यक्ष ताईच. दिल्लीत वाढलेली पोरं धोतराला "वो सफेद वाला" म्हणत होती, पण शिरा तोच होता आणि आरतीत चढाओढ तीच. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, तुळशीची रास. समोरच्या इमारतीतले पंजाबी शेजारी प्रसादाला आले आणि दोनदा घेऊन गेले. त्या दोन तासांत भावोजीसुद्धा खाली येऊन बसले होते, इस्त्रीच्या कुडत्यात, तोंडावर मास्क लावून. माझ्या त्या प्रवासातल्या चांगल्या वेळा मोजायला बसले तर ही एक.

पूजा उतरवल्यावर फुलापानांचा ढीग झाला. ताईची तिथली पद्धत अशी, की निर्माल्य दोन दिवस गच्चीत वाळवायचं, चुरायचं आणि पंपाच्या खोलीमागच्या खतखड्ड्यात घालायचं. मी तो खड्डा पाहिला होता. बाजूला मांजरं, वर भाजीची देठं, आणि येणारे-जाणारे त्याच्या काठावरून पाय देऊन जात. देवाची फुलं तिथे? माझ्या मनाला ते पटेना. आमच्याकडे निर्माल्याची वेगळी गाडी येते, हे मी तोवर त्या सोसायटीत निदान वीस जणांना सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी ताई सह्यांच्या कागदांसाठी सरांकडे गेली होती. मी हॉलमध्ये गेले. गणपतीतल्या प्रसादाच्या उरलेल्या प्लास्टिकच्या भगव्या पिशव्या कपाटात होत्या, वर मंडळाचं नाव छापलेलं, ठसठशीत. निर्माल्य दुसऱ्या कशात मिसळू नये, कोणाचा पाय लागू नये, म्हणून मी ते त्या पिशव्यांत भरलं. अकरा पिशव्या झाल्या. नारळ वेगळे, तुळस वेगळी, फुलं वेगळी. तोंडं सुतळीने बांधली. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या ओळीने मांडून पाहिल्या.

कचऱ्याची गाडी आली तेव्हा मी ड्रायव्हरला बजावलं, "ये भगवान का है. इसको कचरे में नहीं डालना. अलग ले जाने का, नदी के पास." तो म्हणाला, "हाँ माताजी, बिल्कुल."

वर आले तर भावोजी खिडकीशी होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते म्हणाले, "सुमन, इथे अलग काही जात नाही गं. सगळं एकाच ठिकाणी जातं."

मी म्हटलं, "सांगितलंय मी त्याला. नीट सांगितलं की माणसं ऐकतात."

वाद घालायला लागतो तेवढा श्वास त्यांच्याकडे नव्हता.

सुनावणी

गुरुवारी सकाळी समितीने डोंगर पाहिला आणि दुपारी एका सरकारी सभागृहात सुनावणी ठेवली. भावोजी आलेच. वही त्यांची होती आणि ती त्यांच्याच हातून जायला हवी असं त्यांना वाटत होतं. दोन जणांनी त्यांना खुर्चीसकट पायऱ्या चढवून वर नेलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्या खुर्चीचे हात त्यांनी किती घट्ट धरले होते ते मी पाहिलं.

ताई बोलली. शुद्ध हिंदीत, एकही शब्द वाया न घालवता. समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त अधिकारी, लक्ष देऊन ऐकत होते. वही त्यांनी हातात घेतली, पानं उलटली, एका पानावर थांबले. "ये रोज आपने लिखा है?" त्यांनी भावोजींना विचारलं. भावोजींनी मान हलवली. अध्यक्षांनी वही मिटून समोर ठेवली, फेकली नाही, सरकवलीही नाही. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग ठेकेदाराचे वकील उठले. ते म्हणाले, की फार बोलायचं नाही, समितीने सकाळी काढलेलाच एक फोटो दाखवायचा आहे.

पडद्यावर डोंगर आला. पुढच्या बाजूला एक मोडक्या दाराची फळी, आणि तिच्यावर ओळीने मांडलेल्या अकरा भगव्या पिशव्या. तोंडं सुतळीने बांधलेली. वर मंडळाचं नाव.

"ये संस्था किसकी है, मैडम?" वकिलांनी विचारलं.

ताईने पडद्याकडे पाहिलं. तिला आधी काहीच कळलं नाही, आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. "हमारी है," ती म्हणाली.

"और इसकी अध्यक्ष?"

"मैं."

"गीला कूड़ा, और प्लास्टिक में बाँधकर," एवढंच म्हणून वकील बसले. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मी उठून उभी राहिले. होतं नव्हतं तेवढंही हिंदी पळालं. मी म्हटलं, "साहेब, वो मैंने बांधा. मेरा गलती है. इन लोग का नहीं. ये लोग सब अलग करते."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "आप यहाँ की निवासी हैं?"

"नहीं. मैं मेहमान."

"तो आप बैठ जाइए," ते म्हणाले. रागावून नाही. नियमच तसा होता. जे तिथे राहत नाहीत त्यांना तिथे बोलता येत नाही.

मी बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं बसवलं नव्हतं, आणि बसवायला हवं होतं असं पहिल्यांदाच वाटलं.

आदेश आठवड्याने आला. रहिवासी स्वतः कचरा वेगळा करतात याची खात्री पटलेली नाही. ती पटल्यावर मिश्र कचरा बंद करण्याचा विचार पुढच्या पाहणीत, म्हणजे वर्षभराने, करण्यात येईल. तोवर डोंगराला रस्त्याच्या बाजूने हिरवी जाळी लावावी आणि पाणी मारावं. दुसऱ्याच दिवशी जाळी लागलीसुद्धा. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आता डोंगर दिसत नाही. चौथ्या मजल्यावरून दिसतो.

ताई मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एकदा पोळ्या लाटताना विचारलं, "सुमे, एकदा विचारायचंस तरी मला." आणि लाटणं चालूच ठेवलं.

पुन्हा डोंगर

एक गोष्ट मला खात होती. गाडीतून ओतलेल्या पिशव्या ओळीने कशा लागतात? मला वाटलं ठेकेदाराच्या माणसांनी मुद्दाम मांडल्या. तसं सिद्ध झालं तर काही करता येईल, असा एक वेडा विचार घेऊन मी हसीनाकडे गेले. एकटीच.

तिने माझं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दीदी, वो तो हमने रखी थीं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"गाड़ी ने पलटा तो देखा, नारियल है, तुलसी है. पूजा का सामान है. उस पर पाँव कैसे रखते? तो पटरा बिछाकर ऊपर रख दिया. सोचा था जुमे को नदी की तरफ कोई जाएगा तो दे देंगे. फिर मंगल को हम सबको वहाँ से हटा दिया, कि साहब लोग आ रहे हैं, कोई दिखना नहीं चाहिए. थैलियाँ वहीं रह गईं."

"आप लोगों ने किसी को बताया क्यों नहीं?" मी विचारलं.

"हमसे किसने पूछा?" ती म्हणाली.

मी त्या विटांच्या खुर्चीवर बसून रडले. लाज वाटली नाही. अख्ख्या त्या प्रकरणात माझं म्हणणं जसंच्या तसं पाळणारं एकच माणूस निघालं, आणि तिने ते पाळलं म्हणून आम्ही हरलो. बाकीच्या कचऱ्यात त्या पिशव्या दडपल्या गेल्या असत्या तर कोणाच्या डोळ्यांवर आल्या नसत्या. हसीनाने पाणी आणून दिलं. तिला वाटलं माझी फुलं नदीपर्यंत गेली नाहीत म्हणून मी रडतेय. ती म्हणत राहिली, की माफ करना दीदी, पहुँचा नहीं पाए.

मी ताईला आणि सरांना सगळं सांगितलं. सरांनी कोरा कागद घेतला आणि नव्या अर्जाची पहिली ओळ लिहिली. वेगळा केलेला कचरा निवडण्याचं काम डोंगरावर काम करणाऱ्यांनाच द्यावं, आणि पाहणीच्या वेळी त्यांना हटवू नये, त्यांचंही ऐकावं. पहिली सही हसीनाची घ्यायची ठरली. हे आधीच करायला हवं होतं, असं सर म्हणाले नाहीत. आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं.

घर

दिवाळीनंतरच्या आठवड्यात धूर चारची वाट न पाहता सकाळीच यायला लागला. भावोजींना रुग्णालयात न्यावं लागलं. नऊ दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर ताईला म्हणाले, की ही थंडी यांनी इथे काढू नये, पुढचं मी बोलत नाही.

त्या दिवशी दोघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवलं. मी समोरच होते. ताई म्हणाली, "तुम्ही सुमीकडे जा." भावोजी म्हणाले, "आणि तू?"

तिने उत्तर द्यायची गरज नव्हती. अर्जदार तिथली रहिवासी हवी. ती घर बंद करून निघाली असती तर नवा अर्ज दाखल होण्याआधीच निकालात निघाला असता, आणि वर्षभराने समितीसमोर उभं राहायला कोणी उरलं नसतं. हा नियम त्या घरातल्या सगळ्यांना मीच शिकवला होता, भर सभेत खाली बसून.

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली त्यांच्या. बदल्यांच्या नोकरीतही ती दोघं कधी वेगळी राहिली नव्हती. स्टेशनवर ताईने त्यांच्या मफलरची गाठ तीनदा सोडली, तीनदा बांधली. औषधांच्या वेळा मला पुन्हा सांगितल्या. गाडी हलली तेव्हा भावोजींनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही तो तिथेच होता.

आता ते माझ्या दोन खोल्यांच्या घरात आहेत. इथली हवा त्यांना मानवली आहे. सकाळी फाटकापर्यंत जाऊन येतात, मधे एकदाच थांबतात. नगरपालिकेची गाडी आली की इस्त्रीचा शर्ट घालून दोन्ही बादल्या स्वतः नेऊन देतात आणि ड्रायव्हर त्या कुठे रिकाम्या करतो ते उभं राहून बघतात. परवा पिठलं खाताना म्हणाले, "मीठ जरा जास्त झालंय." मला इतका आनंद झाला, की मी ताईला फोन करून सांगितलं. ती हसली आणि मग फोनवर खोकला ऐकू आला. हा खोकला आता तिचा आहे.

लाल पुठ्ठ्याची वही भावोजींनी बरोबर आणली आहे. रोज दुपारी चारला ताईचा फोन येतो. ती सांगते, वारा कुठून, धूर किती. ते लिहून घेतात, तिच्याकडून वेळ पुन्हा एकदा विचारून खात्री करतात. मग वही मिटून उठतात, हॉलची पश्चिमेकडची खिडकी लावतात आणि कडी नीट बसली का ते पाहतात. त्या खिडकीबाहेर आमची खाडी आहे, धूर कुठेच नाही. पहिला आठवडाभर मी मागून जाऊन ती उघडत होते, म्हणत होते, भावोजी, इथे काही येत नाही. ते म्हणायचे, "माहीत आहे गं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे.

आता चार वाजले की मीही उठते. हॉलची खिडकी ते लावतात, आतल्या खोलीतली मी.